परतीची फेरी

वडील जाऊन सात आठवडे झाले असताना मेरिनला त्यांच्या नावे आलेली ईमेल दिसली. त्यांचा मोबाईल गेम नव्या फोनांशी जुळवून घेतला नाही, तर महिनाअखेर अ‍ॅप स्टोअरमधून काढला जाईल.

ब्रिस्बेनमधल्या घरामागच्या शेडमध्ये बसून तिच्या वडिलांनी, नेव्हिलनं, सहा वर्षं तो गेम घडवला होता. होडीतून माणसं नदीपार न्यायची. परतताना होडी रिकामी. तेव्हा अर्धा मिनिट काहीच घडत नसे. नुसतं पाणी, आणि भरती-ओहोटीप्रमाणे बदलणारा त्याचा आवाज. एकदा विकत घेतला की पुढे कसलाच उपद्रव नाही. ज्यांनी घेतला त्यांनी जिवापाड जपला. पण घेणारे होतेच किती? फुकट मिळणाऱ्या गेमांची रांग लागलेली.

शनिवारी सकाळी डग आला, वडिलांचा जुना भागीदार. त्यानं नवा फोन तिच्या हातात दिला.

"चालतोय बघ. एका कंपनीनं माणसं लावून करून दिला. आता फुकट असेल."

"आणि जाहिराती?"

"एकच गं. परतीच्या फेरीत. तिथं तसंही काही नसतं."

मेरिननं एका बाईला पलीकडे सोडलं, होडी वळवली. पाण्याचा आवाज सुरू होतो न होतो तोच पडदाभर जाहिरातीतल्या रंगीत गोळ्या फुटायला लागल्या.

"त्या अर्ध्या मिनिटावर बाबानं किती काम केलं, ठाऊक आहे ना तुला?"

"दोन हिवाळे. मीच ओरडायचो, 'नेव्हिल, गाढवा, एवढं कुणी थांबत नाही!' तर म्हणे, 'मग ते उतरतील.'" डग हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "मेरिन, जाहिरात नको म्हणालीस तर कंपनी हात काढून घेईल. मग गेमच नाही. त्याचं नावही नाही."

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात नेव्हिल तोच गेम खेळायचा. होडी परत फिरली की डोळे मिटून घ्यायचा. "ऐक," म्हणायचा. ती त्याच्या उशीपाशी वाकून ऐकायची.

तिनं फोन डगला परत दिला.

"जाऊ दे."

"बापाचीच पोर," डग म्हणाला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला.

महिनाअखेर गेम स्टोअरमधून गेला. ज्यांच्याकडे होता, त्यांचे जुने फोन टिकतील तेवढाच आता तो टिकणार. मेरिनकडे वडिलांचा फोन आहे. तो रोज सकाळी विचारतो, 'आता अपडेट करायचं?' केलं तर गेम बंद पडेल. ती 'नंतर' दाबते. एका माणसाला पलीकडे सोडते, होडी वळवते आणि डोळे मिटते.