तीट लावलेली पट्टी

तान्ही गौतमी झोपलीय तेवढ्यात लिहून घेते, नाहीतर हा राग पोटातच राहील.

सुदामच्या ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर आमच्या कात्रपच्या घरी आला, त्याला वर्ष झालं. त्यावर मी मराठी टायपिंगची कामं घेते. यंदा आमच्या बुद्धविहाराच्या इंदुबाईंनी जयंतीची स्मरणिका विश्वासाने माझ्याकडे दिली. पण पानात फोटो टाकला की मशीन गपगार! मेमरी पुरत नव्हती. नवं मशीन आम्हाला कुठलं परवडायला? जुन्या रॅमच्या पट्टीशेजारी तशीच आणखी एक बसवायची, एवढंच ठरवलं.

काल कॉम्प्युटरचा डबा उघडून धूळ पुसली. नुकतीच गौतमीला तीट लावली होती, बोटाला काजळ होतंच. एक ठिपका त्या पट्टीवरही टेकवला.

सुदाम हसला. "विहारात अंधश्रद्धेवरची भाषणं ऐकतेस आणि मशीनला तीट?"

"लेकीला चालते ना तुम्हाला? मग हिलाही चालेल."

आज तो डबा, सीपीयू, गौतमीच्याच गोधडीत गुंडाळला, तिला कडेवर घेतलं आणि रिक्षा करून उल्हासनगरचं दुकान गाठलं. तिथला मेकॅनिक श्यामकांत. आपलाच माणूस, म्हणून बरं वाटलं.

"वहिनी, पोरगी रडतेय. जरा फिरवून आणा, तोवर नवी पट्टी बसवतो."

आले तर डब्याचे स्क्रू लागलेले.

"चालू करून दाखवा."

"झालंय हो. घरी मिस्टर बघतील."

"मशीन मी चालवते. मीच बघणार."

त्याने नाइलाजाने चालू केलं. काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा पळत सुटला आणि रोजच्याच जागी थांबला. दुप्पट व्हायला हवा होता.

"एकच पट्टी आहे यात. माझी जुनी कुठाय?"

"ती डेड होती. फेकली. तुम्हाला नाही समजणार ते, मिस्टरांना पाठवा."

डेड? सकाळी त्याच पट्टीवर मी अर्धं पान टाइप केलं होतं! माझी नजर त्याच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये गेली. विकायला ठेवलेल्या पट्ट्यांत एक होती, काळ्या ठिपक्याची.

मी ती उचलली. "ही मेलेली का?"

"अशा खूप असतात, वहिनी."

"काजळ लावलेल्या?" गौतमीचा गाल त्याच्यासमोर धरला. "बघा, एकाच डबीतलं आहे."

गल्ल्यावरचे शेठ वळून बघायला लागले. "श्याम, क्या लफडा है?"

"कुछ नहीं शेठ, गलती से..." त्याने स्क्रू काढले, पट्टी बसवली. आकडा पळाला, जुनी जागा ओलांडून दुपटीवर थांबला.

तो झाकण लावायला लागला.

"थांबा," मी म्हटलं. लेकीच्या गालावरच्या तिटेवर हलकेच बोट टेकवलं आणि नव्या पट्टीवर दुसरा ठिपका काढला.

"आता लावा. आणि वाकून नीट बघून ठेवा, दोन्ही माझ्या आहेत."