कवठातला मी आणि प्यारीबाईंची वाटी

मित्रांनो, मी एक जुना, पार झाडांच्या वयाचा पदार्थ आहे. माझं नाव पेक्टिन. फळाचा गर धरून ठेवायचा, एवढंच माझं मूळ काम. हल्ली कारखान्यांत लिंबाच्या नि सफरचंदाच्या सालींतून मला काढतात. मी जॅम घट्ट करतो, गोळ्या-चॉकलेटांत जातो, औषधांतही जातो. पण मला कुणी नावानं ओळखत नव्हतं, तेव्हाची बेल्हे गावची एक हकिगत सांगतो.

साल असेल १९०८. मी वेशीजवळच्या कवठाच्या झाडावर होतो. गावात माणिकचंद नावाचे जैन कापड-व्यापारी राहत. त्यांच्या आई प्यारीबाई लकव्यातून वाचल्या, पण पाणी घेतलं की ठसका लागे आणि भात घशात अडके. बाई नुसती हाडांचा सापळा झाली होती. घास घशाखाली अलगद सरकावा म्हणून डॉक्टरांनी विलायती जेलीची पुडी दिली. ती जनावरांची हाडं उकळून करतात हे कळलं मात्र, त्यांनी तोंडच फिरवलं.

"मेले तरी चालेल," त्या अडखळत म्हणाल्या, "पण असलं काही पोटात घालणार नाही."

सून सज्जनबाई रडकुंडीला आली. तेव्हा दूध घालायला येणारी साळुबाई म्हणाली, "शेठाणीबाई, कवठ शिजवून बगा की. गूळ घातला की लई ग्वाड लागतं."

तिनं झाडाखाली पडलेली, घमघमणारी कवठं आणली. आता पिकलं फळ म्हणजे माझी पकड सुटलेली! शिजवला तरी रस पातळच राहिला. पहिल्याच घोटाला म्हातारीला असा ठसका लागला की घर हादरलं.

दुसऱ्या दिवशी प्यारीबाईंनी उरलेली फळं परत पाठवली. "खाली पडलेल्या फळात जीव असतात. झाडावरचं कडक आणा."

"अगं बाई, आता यातही नेम!" सज्जनबाई करवादली. तरी तिनं साळुबाईच्या नवऱ्याला, चांगदेवला, झाडावर चढवलं.

त्या हिरव्या कवठांत मी पुरता शाबूत होतो. गर उकळला, गाळला, गूळ घालून आटवला आणि वाटी गार पाण्याच्या परातीत ठेवली. ऊन उतरत चाललं होतं. दिवस मावळल्यावर प्यारीबाई काही खात नसत, आणि सकाळपासून पोटात कण नव्हता. सगळे माझ्याकडे टक लावून बसले. मला घाई करता येत नाही हो! गार होईन तसाच मी धरतो.

सज्जनबाईनं वाटी कलती केली. मी थरथरलो, पण सांडलो नाही.

पहिला चमचा गेला. ठसका नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. माणिकचंदांनी उपरण्यानं डोळे पुसले. तेवढ्यात डोंगराआड सूर्य बुडाला आणि म्हातारीनं ओठ मिटले.

"आणखी एक घास, सासूबाई," सज्जनबाई काकुळतीनं म्हणाली.

प्यारीबाईंनी मान हलवली. "उद्या," त्या म्हणाल्या.

मेले तरी चालेल म्हणणारी बाई उद्याचं बोलली. सज्जनबाई वाटी झाकताना हसतही होती आणि रडतही होती.

मित्रांनो, साली आणि कच्ची फळं टाकून देताना माझी आठवण ठेवा. आणि घरातल्या कुणी घास नाकारला, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी एकदा विचारा, तुला कसं दिलं तर खाशील?