उलटा धरलेला खराटा

मी एक जुना खराटा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. खराट्याने आपली कहाणी गोड आवाजात सांगावी असं कुणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल दुसऱ्या कुणाची तरी ऐकावी.

प्रशांत महासागरातल्या सामोआत, उपोलू बेटावरच्या एका किनाऱ्याच्या गावात फेरेतीने मला बांधलं. वादळात पडलेली माडाची झावळी त्याने ओढत आणली, पाती सोलून एकेक हीर वेगळा केला, उन्हात वाळवला आणि दोरीने करकचून आवळून माझी मूठ केली. हात मोठा कसबी होता त्याचा, ते मी नाकारत नाही. रोज सकाळी त्याची मुलगी फेतू मला घेऊन अंगण झाडायची. आई न्यूझीलंडला फळं तोडायच्या कामावर गेलेली, म्हणून ती आईच्या वाट्याच्या गप्पाही माझ्याशीच मारायची. बोलकी पोर होती. नीरफणसाच्या प्रत्येक पडलेल्या पानाला ती नाव द्यायची. येणारे-जाणारे म्हणत, "फेरेती, तुझ्या अंगणात सांडलेला भात उचलून खावा बाबा." हे ऐकून मी फुगून जायचो.

मग एके दिवशी फेतूच्या हातून कालवणाचं भांडं लवंडलं आणि बापाच्या त्याच कसबी हाताने मला तिच्या पाठीवर आणलं.

मित्रांनो, केर काढण्यासाठी जो जन्मला, त्याला लेकराच्या अंगावर चालवतात, तेव्हा त्याला काय वाटत असेल? मला तोंड असतं तर मी फेरेतीला शिव्या घातल्या असत्या. आधी हिरांचा फटका, राग वाढला की मला उलटा धरून मुठीचा. आमच्याकडे घरांना भिंती नसतात. फटक्याचा आवाज शेजारच्या चार घरांत जायचा, आणि चारही घरं म्हणायची, "मुलीला शिस्त लावावी तर फेरेतीने." धन्य ते शेजारी!

बापाच्या तोंडी फेतूसाठी एकच शब्द उरला होता, तो म्हणजे 'नको'. पळू नको, हसू नको, मध्ये बोलू नको. काय करावं, हे त्याने कधी सांगितलंच नाही. ते तिने मार खाऊन ओळखायचं!

त्यात ऑक्टोबरचा मुलांचा रविवार जवळ आला. त्या दिवशी मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये सगळ्या गावासमोर बायबलमधली पाठ केलेली वचनं म्हणतात. फेतू संध्याकाळी म्हणायला बसली की तिसऱ्या ओळीला अडायची. अडली की फटका. मग ती दुसऱ्या ओळीला अडायला लागली, मग पहिल्या. शेवटी तोंडच उघडेना. सकाळी झाडतानाही ती गप्प असायची, पानं नुसती गोळा करायची. ही पोर पुन्हा कधी बोलेल का, या काळजीने माझे हीर सुकत चालले होते.

रविवारच्या आदल्या दिवशी सवाई बेटावरून फेरेतीची थोरली बहीण लुपे आली. त्याच दुपारी गावचे वडीलधारे घरी आले, चटयांवर बसले. फेतू कोकोचे पेले घेऊन आली. बसलेल्या मोठ्यांसमोरून जाताना कमरेत वाकायचं, हे आमच्याकडे रांगतं मूलही जाणतं. फेतू ताठ चालत गेली. एकाने भुवई उंचावली. फेरेतीचा चेहरा काळाठिक्कर पडला.

पाहुण्यांची पाठ वळते न वळते तोच त्याने मला उचललं.

"फेरेती, तो खराटा इकडे दे," लुपे म्हणाली.

बहिणीपुढे भावाने आवाज चढवायचा नाही, अशी आमची रीत. त्याने मला तिच्या हातात दिलं, पण धुसफुसत.

"ताई, गावासमोर नाक कापलं हिने माझं."

"बस खाली. तुझं नाक आहे जागच्या जागी." मग तिने फेतूला समोर बसवलं, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील इतकं स्वतः वाकून. "पेले काठोकाठ भरलेले होते. एक थेंब सांडला नाहीस, बघितलं मी. आता मला सांग बाळा, वाकली का नाहीस?"

 मग इतक्या दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला.

"पाठ वाकत नाही, आत्या."

लुपेने तिचा सदरा वर केला. कालचे वळ होते, परवाचे होते. ते माझ्या हिरांचे होते, पण माझे नव्हते, हे नीट ऐकून ठेवा.

"धाक नको का पोरांना?" फेरेती पुटपुटला. "आपणही खाल्लाच की मार. काय बिघडलं आपलं?"

"बाबा गेले, त्याआधी तू त्यांच्याशी काय बोलायचास रे?"

तो आठवत राहिला. "हो बाबा. नाही बाबा."

"हेच बिघडलं."

त्या संध्याकाळी वचन म्हणायला बाप समोर बसला. फेतू अडली. "नको..." म्हणून त्याने सुरुवात केली आणि स्वतःच अडला. लुपे गालात हसली. "बोल की. जमलंय त्याचं आधी बोल."

"पहिली ओळ... चांगली म्हटलीस," तो म्हणाला. दगड उचलावा तसा उचलला त्याने तो शब्द. "दुसरी आपण दोघं म्हणू."

चर्चचं अंगण झाडायची पाळी यंदा आमच्या घराची होती, म्हणून रविवारी मी दाराशी उभा होतो. फेतू तिसऱ्या ओळीला अडली.  बाप बाकावरून पुढे झुकला आणि ओठांनी ओळीचा पहिला शब्द म्हणाला. तिने तो उचलला आणि वचन शेवटपर्यंत नेलं.

इथे गोष्ट संपवून तुम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या, पण मी खोटं बोलणार नाही. त्या दिवशी आमच्याकडे मोठी माणसं मुलांना वाढतात आणि मुलं आधी जेवतात. फेरेतीने डुकराच्या मटणाचा सगळ्यात मऊ तुकडा निवडला आणि फेतूला वाढायला हात पुढे केला. हात दिसताच तिने डोळे मिटून मान खांद्यात घातली.

तो तुकडा हातात धरून बाप तसाच थांबला. "मी वाढतोय गं," तो म्हणाला.  तिने डोळे उघडेपर्यंत तो हलला नाही.

मित्रांनो, माझी ही गोष्ट तुम्ही वाचलीत, आता ती घरातल्या मोठ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा. मोठ्यांनो, अंगणातला केर मी एका सकाळीत काढतो. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे तुम्ही जे साठवून ठेवता, ते काढणारा खराटा अजून कुणी बांधलेला नाही.