सांगणाऱ्याला काही होणार नाही

युवराज धुळ्याचा, देवपूरचा. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये तो शिफ्ट इन्चार्ज म्हणून आला, तेव्हा कामगार त्याच्याशी कामापुरतंच बोलत. आधीचा इन्चार्ज चूक कळली की सगळ्यांसमोर आईवरून शिव्या द्यायचा. त्यामुळे पट्टा तुटला, पोती फाटली, तरी कोणी काही पाहिलेलं नसायचं.

युवराजने रोज शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांबरोबर उभ्यानेच चहा घ्यायला सुरुवात केली. तो एकच गोष्ट सांगायचा, "काही चुकलं तर आधी मला सांगा. सांगणाऱ्याला काही होणार नाही, हा माझा शब्द."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग डाळ निवडणारी ज्योती एकदा म्हणाली, "भाऊ, चाळणी फाटलीये. कालच फाटली होती, मी बोलले नाही." युवराजने चाळणी बदलली आणि तिचे आभार मानले. त्यानंतर हळूहळू बाकीचेही बोलू लागले.

एका दुपारी मशीनवरचा जीवराम घाईघाईने आला. फैजपूरकडचा, अबोल माणूस. डाळीतले लोखंडाचे कण ओढून घेणारं चुंबक साफ करायला काढलं होतं आणि परत बसवायचं तो विसरला होता. माल तसाच पोत्यांत भरला गेला होता. ट्रक गेटवर उभा होता.

युवराजने धावत जाऊन ट्रक थांबवला. पोती उघडली. तुरीच्या डाळीत स्क्रूचा तुकडा सापडला.

"शाब्बास जीवराम," युवराज म्हणाला. "आज तू वाचवलंस."

पण माल उशिरा गेला, आणि घेणाऱ्या कंपनीने कारण विचारलं. मिलचे मालक शेठ सुभाषचंद आता थकले होते. कारभार त्यांचा मुलगा अर्पित पाहायचा. त्याने युवराजला केबिनमध्ये बोलावलं.

"काय कारवाई केली ते त्यांना कळवायचंय. जीवरामला काढावं लागेल."

"पण त्याने स्वतः येऊन सांगितलं म्हणून तर सापडलं, शेठ!"

"मला कळतं. त्यांना नाही कळत. हा ग्राहक गेला तर निम्मी मिल बंद. मग सगळेच घरी बसतील."

युवराज वाद घालत राहिला. 'मग मीही जातो,' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण मी राहिलो तर बाकीच्यांना सांभाळता येईल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि गप्प बसला.

काढल्याचं कळल्यावरही जीवराम चिडला नाही. डबा पिशवीत घालत एवढंच म्हणाला, "भाऊ, तुम्ही शब्द दिधा म्हनीसन मी बोलनू."

दुसऱ्या दिवशी चहाला सगळे आले. युवराजने विचारलं, "काही अडचण?"

"बठ्ठं बरोबर शे, साहेब," पट्ट्यावरचा प्रेमराज म्हणाला. कालपर्यंत तो 'भाऊ' म्हणायचा. बाकीचे कपात बघत राहिले.

त्यानंतर रोज 'बठ्ठं बरोबर', म्हणजे सगळं ठीक, हेच उत्तर मिळायचं. युवराज स्वतः फिरून यंत्रं बघायचा, पण एकटा माणूस किती बघणार? मार्चमध्ये, दिवसाउजेडी, खाली सांडलेली डाळ झाडताना झाडलोट करणाऱ्या मयुरीचा हात पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली. पट्ट्यावरची संरक्षक जाळी जागेवर नव्हती.

दवाखान्याच्या बाहेर ज्योती बाकावर बसली होती. तिच्या ओढणीवर रक्त होतं.

"जाळी निघालीये, हे तुम्हाला माहीत होतं?" युवराजने विचारलं.

"सगळ्यांना माहीत होतं. पट्टा सारखा अडकायचा म्हणून प्रेमराजने काढली होती."

"मग मला का नाही सांगितलं?"

ज्योतीने त्याच्याकडे पाहिलं. "आणि प्रेमराजचा जीवराम झाला असता मग? त्याची बायको बाळंतीण आहे."

युवराज तिच्या शेजारी बसला. आतून मयुरीच्या आईचं रडणं ऐकू येत होतं.

अर्पितला याही वेळी कारवाईसाठी एक नाव हवं होतं. "माझं द्या," युवराज म्हणाला. "शिफ्ट माझी होती." अर्पितने त्याला समजवायचा प्रयत्न केला, मग कंटाळून मान हलवली. युवराजची नोकरी गेली. प्रेमराजला कोणी काढलं नव्हतं, पण भीतीने तो आलाच नाही. बायको-बाळाला घेऊन सुरतेला गेला म्हणे.

सामान न्यायला युवराज आला, तेव्हा गेटवर ज्योती भेटली.

"हे जीवरामच्या वेळी करायला हवं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. युवराजला वाटलं, ती अजून काहीतरी बोलेल. पण भोंगा वाजला आणि ती आत गेली.

आता तो धुळ्यात एका गोदामात माल मोजून घेतो. हाताखाली कोणी नको, असं त्याने आधीच सांगून ठेवलंय. हात बरा झाल्यावर मयुरी मिलमध्ये काम मागायला गेली होती. नव्या इन्चार्जने तिचा हात बघितला आणि झाडायलाही नको म्हणाला. तेव्हा ज्योतीसकट सगळ्या बाया तिथेच डाळ निवडत होत्या. कोणीच काही बोललं नाही.