रेडिएटरच्या बुडाचा नळ

मी एक नळ बोलतोय. मोरीतला नव्हे, मोटारीच्या रेडिएटरच्या बुडाला असतो ना, तो बोटाएवढा. मला बघायचं तर गाडीखाली पाठीवर आडवं पडावं लागतं. इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट अडवून धरायचं, एवढंच माझं काम.

माझी गाडी दोघा भावांची. वडील दोघांच्या नावावर ठेवून गेले. त्यांच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून भाऊ असे भांडले की बोलणंच तुटलं. घरं शेजारी शेजारी, मधे सामाईक शेड, किल्ली खिळ्याला. एक आठवडा गाडी याची, एक आठवडा त्याची.

एक काम मात्र एकट्याने व्हायचं नाही. थोरला भारी काटेकोर. कूलंट जरा उतरलं की नुसतं वरून ओतणं त्याला पटायचं नाही. इंजिन गार होऊ द्यायचं, जुनं सगळं माझ्यातून काढायचं, रेडिएटर साध्या पाण्याने धुवायचा आणि मगच नवं भरायचं. त्या वेळी एकाने सीटवर बसून इंजिन चालवायचं, दुसऱ्याने वरच्या तोंडाशी हवेचे बुडबुडे बघायचे. मग थोरला शेडच्या भिंतीला उद्देशून मोठ्याने म्हणायचा, "गाडीचं पाणी काढायचंय." भिंत काय येणार, कपाळ! पण धाकटा बाह्या सरसावून हजर.

"चालू कर."

"केली."

"थोडी रेस दे. पुरे."

मधे बॉनेट उभं, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नसत. म्हणूनच जमत असावं. एकदा थोरल्याने विचारलंही, "खोकला बरा नाही का रे अजून?"

त्यानंतर कूलंट वरचेवर उतरू लागलं. थोरल्याने पाइप बदलले, क्लिपा आवळल्या, शेवटी खापर माझ्यावर फोडलं. "हाच लेकाचा गळतोय." मला फार लागलं ते. खरी गोष्ट मला ठाऊक होती. आपला आठवडा आला की धाकटा खोकत खोकत गाडीखाली सरकायचा, मला हलकेच सोडायचा, वाटीभर कूलंट डब्यात काढून घ्यायचा आणि पुन्हा घट्ट आवळायचा. मी कोणाला सांगणार होतो?

शेवटच्या खेपेला सीटवरून तो म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी मला जमेलसं वाटत नाही."

थोरल्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मी खालून बघितलं. पण तो इतकंच म्हणाला, "बंद कर."

पुढची वेळ आलीच नाही. धाकटा गेला.

मग कूलंट उतरायचं थांबलं. थोरला बॉनेट उघडून बघतच राहायचा. एकदा धाकट्याची बायको शेडमध्ये आली, तेव्हा तिला म्हणाला, "गळती थांबली. आपोआपच."

"गळती नव्हतीच, भावजी," ती म्हणाली. "हे काढून घ्यायचे थोडं थोडं. म्हणायचे, तेवढ्यापुरता तरी दादा बोलतो."

ती गेल्यावर थोरला गाडीखाली सरकला आणि मला चाचपून बघितलं. मी कोरडा ठणठणीत होतो. तिथेच पडून तो रडला.

आता तोच मला सोडतो, वाटीभर काढतो. मग बॉनेट उघडून तसाच उभा राहतो. सीटवर कोणी नसतं.

माझं फार मागणं नाही. कोणीतरी येऊन त्या सीटवर बसा हो. गाडी चालवता आली नाही तरी चालेल, नुसती किल्ली फिरवता आली तरी पुरे.