दोन वेळचं दूध

काचबिंदूने उस्तादांची नजर जवळजवळ नेली तेव्हा कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने हात टेकले. "उस्ताद, माझ्याकडचे नंबर संपले. आता मुलगीच डोळ्यांना लावा," तो म्हणाला. तेव्हापासून धाकटी त्यांना वाचून दाखवायची आणि ते सांगतील ते टाइप करायची.

धाकटी ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय सत्तेचाळीस, सकाळी सार्वजनिक वाचनालयात नोकरी, दुपारनंतर अब्बांचं काम. एकुलत्या एकीला धाकटी का म्हणायचे, तर चष्मेवाला तिच्याहून चार महिन्यांनी मोठा होता आणि त्याची आई दोघांना मिळून थोरला-धाकटी म्हणायची. तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

उस्तादांनी पन्नास वर्षं इस्लामी धर्मशास्त्र शिकवलं होतं. देशोदेशीचे अभ्यासक त्यांना पत्रं लिहीत, साधी माणसं आपल्या अडचणी विचारत. उत्तर ठाऊक नसलं की उस्ताद 'मला माहीत नाही' एवढंच लिहून पाठवत, आणि त्यांच्या तरुण विद्यार्थ्यांना त्याची लाज वाटे. आता ते आपल्या जुन्या निर्णयांची सुधारलेली आवृत्ती काढत होते. दोन वर्षांपूर्वी एका परिषदेत, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर भरलेल्या परिषदेत, दूरच्या विद्यापीठातल्या एका बाईंनी त्यांच्या एका जुन्या लेखावर अदबीने पण सपशेल आक्षेप घेतला होता. उस्ताद आठवडाभर धुमसत होते. मग त्यांनी बाईंचा निबंध मागवला. तो मात्र धाकटीकडून न घेता एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावून, दार लावून वाचून घेतला. धाकटीला तेव्हा राग आला होता. माझं वाचन आता चालेनासं झालं का, असं तिच्या मनात आलं.

एका मंगळवारी दुपारी उस्ताद म्हणाले, "आज दुधाच्या नात्याचं प्रकरण घेऊ."

ते प्रकरण त्यांनी वर्षभर टाळलं होतं. धाकटीने नवं पान उघडलं.

तान्ह्या बाळाला दुसऱ्या बाईने अंगावर पाजलं तर ती बाई त्याची आई होते आणि तिची मुलं त्याची भावंडं. सख्ख्या भावंडांसारखी ती एकमेकांच्या घरी मोकळी वावरू शकतात, पण त्यांचं लग्न होऊ शकत नाही. परक्यांचं उलट: लग्न होऊ शकतं, पण एरवी एकमेकांत पडदा पाळावा लागतो. इथवर कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो किती वेळा पाजलं म्हणजे नातं जडतं यावर. उस्ताद शांतपणे सांगत गेले, ती टाइप करत गेली.

"लिही. प्रस्तुत लेखक चाळीस वर्षं असं मानत आला की एक घोटही पुरे. सगळी प्रमाणं पुन्हा तपासल्यावर त्याचं मत बदललं आहे. पाच वेळा पोटभर पाजल्याशिवाय नातं जडत नाही. त्याहून कमी असेल तर..." ते थांबले. "तर ती दोन माणसं एकमेकांना परकी. लेखक चुकला होता."

धाकटीची बोटं कळफलकावरच राहिली.

बावीस वर्षांची असताना तिचं आणि चष्मेवाल्याचं लग्न ठरलं होतं. कुणी ठरवलं नाही, आपसूक ठरलं. दोन्ही घरं खूश होती, कापडं घेऊन झाली होती. त्याची आई सगळ्यांत खूश. बोलणी चालू असताना ती माऊली हसत म्हणाली, "हिला सून कशी म्हणू? माझीच आहे ती. हिची आई तापाने दवाखान्यात होती तेव्हा माझंच दूध प्यायली आहे ही." उस्तादांनी हातातला कप खाली ठेवला. "किती वेळा?" त्यांनी विचारलं. तिने बोटं दाखवली. दोनदा. एकदा दुपारी, एकदा तिन्हीसांजेला.

उस्ताद तीन दिवस पुस्तकांच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आले तेव्हा दाढी विंचरलेली नव्हती. म्हणाले, "हे लग्न होणार नाही. ही भावंडं आहेत." त्याच्या आईने कपाळ बडवून घेतलं. माझी जीभ झडली असती तर बरं, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली. धाकटीने ब्र काढला नाही. अब्बा खोटं बोलणार नाहीत, हातचं राखून सांगणार नाहीत, हे तिला माहीत होतं, आणि त्यामुळे भांडायलाही जागा उरली नव्हती.

पुढे चष्मेवाल्याचं लग्न झालं. बायको भली निघाली. मुलं धाकटीला आत्या म्हणत. धाकटीला स्थळं आली, तिने काही ना काही खोट काढून परत पाठवली. त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटीने लेकीच्या हक्काने तिची सेवा केली, शेवटची आंघोळ घातली. चष्मेवाला दर शुक्रवारी येई, चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरे, डब्यात हात घाले आणि तिच्या शिव्या खाई. इतक्या वर्षांत ते दोघं खरोखरच भाऊबहीण होऊन गेले होते. निदान तसं म्हणण्याइतके तरी झाले होते.

"अब्बा," धाकटी म्हणाली, "मी दोनदाच प्यायले होते."

"माहीत आहे."

"मग तो माझा कोण?"

"कुणी नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हता."

खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

"त्या बाईंचा निबंध तुझ्याकडून वाचून घेण्याची माझी हिंमत झाली नाही," उस्ताद म्हणाले. "वाटलं, त्यांच्यात चूक सापडेल. दोन वर्षं शोधली. चूक माझ्यातच सापडली." त्यांनी चाचपडत टेबलाची कड धरली. "अभ्यासकाने प्रामाणिकपणे शोध घेतला आणि चुकला तरी त्याला एक पुण्य मिळतं असं आम्ही शिकवतो. मुलांना हे सांगताना मला फार बरं वाटायचं."

"तुम्हाला एक मिळालं," धाकटी म्हणाली. "मला काय मिळालं, अब्बा?"

ती इतक्या साध्या आवाजात बोलली की उस्तादांना नीट ऐकू आलं की नाही, कळलं नाही. मग ते म्हणाले, "हे प्रकरण तू म्हणशील तर गाळतो. लोकांसाठी तो तुझा भाऊच राहील. तुझ्यासाठी एवढं करीन. देवाला काय सांगायचं ते माझं मी बघेन."

अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी शास्त्र वाकवायची तयारी दाखवली होती, आणि तीही पंचवीस वर्षं उशिरा. धाकटीला हसू आलं. ती उठून पाणी प्यायली. परत येऊन तिने लोकांकडून आलेल्या प्रश्नांची यादी पडद्यावर उघडली. त्यात महिन्यापूर्वीचा एक प्रश्न होता. कुठल्याशा देशातल्या मुलीने लिहिलं होतं, 'ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय त्याच्या आईने मला लहानपणी एकदा पाजलं होतं. आमच्याकडचे लोक नाही म्हणतात. तुम्ही काय म्हणता?' अब्बांनी त्यावर 'नंतर बघू' असं सांगून ठेवलं होतं.

"या मुलीला काय कळवू?" धाकटीने विचारलं.

उस्तादांनी धरलेली टेबलाची कड सोडली.

तिने ते प्रकरण पूर्ण केलं. त्या मुलीला उत्तर लिहिलं, अब्बांना वाचून दाखवलं, पाठवलं. मग डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करत चष्मा पुसत बसली.

चष्मेवाल्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून दुसऱ्या दिवशी वाचनालयातून परतताना ती दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. तो एका फ्रेमचा स्क्रू आवळत होता. "काय गं, पुन्हा चष्म्यावर बसलीस?" त्याने विचारलं. हा त्याचा ठरलेला विनोद होता.

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चारपाच वाक्यांत झालं.

त्याने स्क्रू पूर्ण आवळला. फ्रेम डबीत ठेवली, डबी बंद केली, मग पुन्हा उघडली.

"म्हणजे तेव्हा होऊ शकलं असतं," तो म्हणाला.

"हो."

"अम्मी त्या एका वाक्यापायी झुरून गेली."

"हो."

"तुला बहीण म्हणून बघायला मला दहा वर्षं लागली, धाकटे. कुणाला सांगितलं नाही कधी. रोज शिकत होतो, शाळेतल्यासारखं." त्याने काचेखालच्या चष्म्यांवरून हात फिरवला. "आता काय करायचं?"

"काही नाही. तुझं घर आहे, माणसं आहेत. मला त्यातलं काही नकोय. फक्त आता तुझ्याकडे पहिल्यासारखं येता येणार नाही."

"पुस्तकात लिहिलं म्हणून?"

"खरं आहे म्हणून," ती म्हणाली. अब्बांचीच मुलगी होती ती. "तेव्हा अब्बा नाही म्हणाले ते मी मानलं. आता सोयीचं नाही म्हणून हे मानायचं नाही, असं कसं चालेल?"

मागच्या दारातून त्याची बायको डोकावली. "आत्या, आत या ना, चहा ठेवते," ती म्हणाली. धाकटी म्हणाली, अब्बा एकटे आहेत, आणि निघाली. चार पावलं गेल्यावर तिला दुकानातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिने मागे पाहिलं नाही.

महिनाभराने त्या परदेशातल्या मुलीचं पत्र आलं. लग्नाची तारीख ठरली होती. पत्रात आभाराचे इतके शब्द होते की उस्तादांना वाचून दाखवताना धाकटीचा आवाज मध्येच बसला. उस्तादांनी तिचा हात शोधला. "मला माफ करशील का?" त्यांनी विचारलं. तिने हात सोडवला नाही. पण उत्तरही दिलं नाही. येईल तेव्हा देऊ, असं तिने ठरवलं होतं, आणि ते कधी येईल हे तिला माहीत नव्हतं.

चष्मेवाला चार शुक्रवार आला नाही. पाचव्या शुक्रवारी दारावर टकटक झाली. त्या घराच्या दारावर त्याने कधी टकटक केली नव्हती. धाकटीने फटीतून पाहिलं, मग आत जाऊन खुंटीवरची ओढणी घेतली, डोक्यावरून नीट घेतली आणि दार उघडलं. त्याने ओढणीकडे पाहिलं आणि नजर जमिनीवर वळवली.

"उस्तादांच्या डोळ्यांचे थेंब," तो म्हणाला. "औषधाच्या दुकानावरून येत होतो."

"झोपलेत ते."

तो उंबऱ्याबाहेरच होता. आत येऊ का, असं त्याने विचारलं नाही, तिने ये म्हटलं नाही. तिने थेंबांची बाटली घेतली. तो जिना उतरून गेला. पायऱ्या संपून खालचं फाटक वाजेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

आतून उस्तादांचा आवाज आला. "कोण होतं गं?"

धाकटीने दाराला कडी लावली.

"चष्मेवाले आले होते," ती म्हणाली.

ती आत गेली तेव्हा उस्ताद भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. तिने त्यांना सरळ केलं, डोळे पुसले, आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला.