वाऱ्यानं नेलेली गोधडी

त्या हिवाळ्यात आमच्या सायबेरियातल्या ओयम्याकोनात असं गारठलं होतं, की धुराड्यातला धूर काठीसारखा ताठ उभा राहायचा आणि त्यावर कावळे बसायचे. एका धुरावर सात, मी स्वतः मोजलेत.

गाडी ऑक्टोबरात चालू केली की एप्रिलपर्यंत बंद करायची नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. रात्रंदिवस दारात धुगधुगत राहते, अंगावर जाड गोधडी घेऊन. माझ्या गाडीची गोधडी घोड्याच्या केसांची, मधोमध आमच्या ह्यांच्या लाल सदऱ्याची बाही. हे गेले, गाडी आणि बाही तेवढी उरली होती.

एका सकाळी बघते, तर गोधडी गायब. गाडी उघड्यावर विझलेली, आतलं पाणी गोठून इंजिन उभं चिरलेलं. हे दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं मला.

दोन दिवसांनी दुकानापुढे नदीपलीकडच्या खारितोनची गाडी दिसली. वर माझी गोधडी. मेल्यानं उलटी घातलेली, पण टाके माझेच.

"खारितोन, ही माझी आहे."

"छे गं म्हातारे! तुझी वाऱ्यानं नेली असेल."

वाऱ्यानं! उणे अठ्ठावन्नात आमच्याकडे वारा असतो का? असता तर कावळे पडले नसते? चोरी एक वेळ गिळली असती. पण मला खुळी समजून तोंडावर सांगतो?

मी घरी आले. वाट बघत बसले.

महिन्याभरानं स्वतःच आला. गाडी दारात चालू ठेवून आत शिरला.

"आजी, मेलेल्या गाडीची चाकं मला दे की. तिला आता कुठं जायचंय?"

"देते की बाळा. आधी जेव."

सूप वाढलं, रेडिओ मोठा केला. "चहाच्या पाण्याला बर्फ आणते हं," म्हणून बाहेर गेले. गाडीचा जीव घ्यायला इथं हातोडा लागत नाही. किल्ली फिरवून बंद केली, गोधडी ओढून लाकडांमागे दडवली, बर्फ घेऊन आत आले.

मग वाढतच राहिले. गोठलेल्या माशाचे काप, धिरडी, वर साय. आणि गोष्ट सांगायला घेतली, माझ्या आजोबांनी बर्फातला मॅमथ उकरून त्याला चहा पाजला ती. खारितोन उठला की मी म्हणायची, "बस रे, अजून मॅमथ शिंकायचाय."

चार तास बसवला. मॅमथ पाचवा पेला मागत होता, तेवढ्यात बाहेर मोठ्ठ्यानं 'टण्ण'!

"काय झालं?"

"मॅमथ शिंकला."

खारितोन धावला. किल्ली फिरवतोय, फिरवतोय. गाडी दगड.

"आजी, स्टो दे! खालून तापवतो!"

"फुटलेलं इंजिन तापवून काय सूप करणारेस?"

"बंद कुणी केली? गोधडी कुठाय?"

"वाऱ्यानं नेली असेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग धुराड्याकडे. धूर ताठ उभा होता.

"आत ये," मी म्हटलं. "माणसाला थंडीत बाहेर ठेवायची आमच्यात रीत नाही. गाडीला आहे."

आला. पायी जाणार कुठं? चुलीपाशी मी गोधडी मांडीवर घेतली, लाल बाही वर करून. त्याला चहा ओतला, आणि मॅमथची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.